पाणवठ्यावरची खानेसुमारी

खानेसुमारी हा शब्द आपल्या व्यवहारातून आता जवळजवळ लुप्त झाला असून त्याच्या जागी 'जनगणना' हा संस्कृतोद्भव शब्द रूढ झाला आहे. परंतु फारसी दप्तरांतून मराठीत उतरलेल्या त्या जुन्या शब्दात जो एक सूक्ष्म अर्थ होता, तो नव्या शब्दात उतरला नाही. 'खाना' म्हणजे घर आणि 'शुमार' म्हणजे मोजदाद. माणसे मोजावयाची तर प्रथम घरे मोजावी, प्रत्येक उंबरठ्याशी उभे राहून आत किती जीव नांदतात ते विचारावे, आणि त्याचा गोषवारा मौजा, परगणा, जिल्हा अशा चढत्या क्रमाने वर पाठवावा, अशी ती रीत. निजामाने १८५३ च्या तहान्वये वऱ्हाडचा मुलूख इंग्रजांच्या हवाली केल्यानंतर चौदा वर्षांनी, म्हणजे १८६७ साली, या प्रांताची पहिली रीतसर खानेसुमारी झाली आणि मनुष्यसंख्या सुमारे २२ लक्ष २८ हजार भरली. पुढे १८९१ साली ती २८ लक्ष ९७ हजारांवर पोहोचली. आणि १९०१ साली मात्र २७ लक्ष ५४ हजारांवर उतरली. जवळजवळ दीड लक्षांची ही तूट म्हणजे शतकाच्या अखेरीस लागोपाठ पडलेल्या दोन दुष्काळांनी वऱ्हाडातून उचलून नेलेली माणसे होत. ज्यांच्याविषयी कोणी एक ओळही लिहून ठेवली नाही, त्यांच्या मरणाची साक्ष तेवढ्या एका वजाबाकीने दिली आहे. आणि म्हणूनच मोजदाद हे रुक्ष कारकुनी काम आहे, असे मला कधीच वाटलेले नाही.

परंतु ज्यांना घर नाही, उंबरठा नाही, ज्यांना हाक मारून काही विचारता येत नाही, त्यांची मोजदाद कशी करावी? हा प्रश्न माझ्या मनात प्रथम आला तो जठारपेठेतील आमच्या गच्चीवर. वैशाखात अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की पेठेतील निम्मी घरे रात्री गच्चीवर निजावयास जात. भिंती मध्यरात्र उलटेपर्यंत निवत नसत, आणि अंथरुणावर पाणी शिंपडले तरी ते घटकाभरात वाळून जाई. अशा दिवसांत, बुद्ध पौर्णिमा चार-पाच दिवसांवर आली, की शेजारच्या तरुण मंडळींत दुसरा विषय नसे: मेळघाटच्या वन्यप्राणी-गणनेला कोणाचा अर्ज मंजूर झाला, कोणाला नरनाळ्याकडचा पाणवठा मिळाला, कोणाला धारगडकडचा. पौर्णिमेच्या रात्री आम्ही गच्चीवर निजलो असताना, येथून उत्तरेस सत्तर-पाऊणशे किलोमीटरांवर, त्याच चंद्राच्या प्रकाशात ती मुले मचाणावर श्वास रोखून बसलेली असत, आणि जंगलात त्या दिवसांत जी थोडी पाण्याची डबकी उरलेली असतात त्यांतील प्रत्येकापाशी कोणी ना कोणी माणूस हातात तक्ता घेऊन जागत असे.

हा प्रश्न केवळ आमच्या सातपुड्याचा नाही. पृथ्वीच्या उत्तर टोकाला, जेथे समुद्रच गोठून जमिनीसारखा होतो, तेथे सील नावाच्या सस्तन जलचरांची संख्या ठरविताना हीच अडचण येते. सील बर्फाखालच्या पाण्यात हिंडतो, परंतु त्याला श्वास हवेतच घ्यावा लागतो. यासाठी वलयांकित सील पुढच्या वल्ह्यांच्या नखांनी बर्फ खरवडून श्वासछिद्रे मोकळी राखतो, आणि इनुइट शिकारी त्या छिद्रापाशी तासन् तास निश्चल उभे राहून त्याची वाट पाहत असत. तेथे श्वास, येथे तहान! ज्या प्राण्याला शोधणे मनुष्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, त्याला त्याच्या गरजेच्या ठिकाणी गाठावे, ही युक्ती दोन्ही ठिकाणी लोकांनी परस्परांचे नावही न ऐकता शोधून काढली. आणि शास्त्राने ती उचलली ती शिकाऱ्यापासूनच; कारण पाणवठ्यावरचे मचाण हे मूळचे बंदुकीचे आसन आहे.

याहूनही एक खिन्न साम्य या दोन मुलखांच्या इतिहासात आढळते. दोन्हीकडे पहिली मोजदाद झाली ती मेलेल्यांची. न्यूफाउंडलंडच्या बंदरांत १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत एखाद्या हंगामाला सहा लक्षांहून अधिक सीलांची कातडी उतरली, ती व्यापाऱ्यांच्या खतावण्यांत बिनचूक नोंदली गेली. समुद्रात जिवंत किती राहिले, याचा ताळा कोणापाशी नव्हता. आमच्याकडेही तेच. ब्रिटिश हिंदुस्थानात वाघ, बिबट, लांडगे हे उपद्रवी म्हणून त्यांना मारणाऱ्यास सरकारी इनाम असे. कातडे कचेरीत रुजू करावे, रक्कम उचलावी, आणि वर्षअखेर किती हिंस्र पशू मारले गेले याचा तक्ता वर जावा, असा शिरस्ता होता. त्या तक्त्यांत वाघांची संख्या आहे, इनामाची रक्कम आहे, वाघांनी मारलेल्या माणसांची आणि गुरांचीही संख्या आहे. जंगलात शिल्लक राहिलेल्या वाघांसाठी रकाना नाही. जे जिवंत आहे ते मोजावे, असे राज्यकर्त्यांच्या मनात येण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ जावा लागला.

मेळघाट म्हणजे घाटांचा मेळ. अकोल्याहून अकोटच्या रस्त्याला लागून गांधीग्रामपाशी पूर्णा ओलांडली की थोड्याच वेळात क्षितिजावर जी निळी रेघ उमटते, ती गाविलगडच्या डोंगररांगेची. तिच्या उत्तर अंगाने सिपना, खंडू, खापरा, गडगा, डोलार या नद्या तापीकडे धावतात, तर दक्षिण अंगाने वान आणि शहानूर पूर्णेला येऊन मिळतात. नद्यांची ही नामावळी वाचून कोणासही वाटावे की येथे पाण्याला काय तोटा! परंतु हा सारा काळ्या पाषाणाचा, तीव्र उताराचा प्रदेश. पावसाळ्यात पडलेले पाणी अंगावर ठरत नाही. होळी होते न होते तोच नद्यांचे प्रवाह तुटतात आणि पात्रात जागोजाग डोह तेवढे उरतात. सेमाडोहसारख्या गावाच्या नावातही तो डोह वस्तीला आलेला आहे. वैशाखात यांतलेही पुष्कळ आटतात, आणि मग कोठे खडकाच्या कपारीतून पाझरणारा झिरा, कोठे वनखात्याने बांधलेले टाके, कोठे नरनाळ्याच्या गडावरील जुनी तळी, एवढ्यांवर सारे अरण्य जगते. नरनाळ्याच्या पठारावर एके काळी बावीस तळी असल्याचे जुन्या गॅझेटिअरांत नमूद आहे. अकबराच्या काळी वऱ्हाड सुभ्यातील एका सरकारचे ठाणे असलेला हा किल्ला. शिबंदीच्या तहानेची तरतूद म्हणून खोदलेल्या त्या तळ्यांवर आज सांबरे आणि अस्वले पाणी पितात. १९९७ साली तो सारा परिसर अभयारण्य म्हणून जाहीर झाला.

या अरण्यातील कोणत्या नाल्यात वैशाखापर्यंत पाणी टिकते, हे ज्यांना पाठ होते ती माणसे म्हणजे येथील कोरकू. 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कोरकू' म्हणजे माणसे. वाघाला त्यांच्या भाषेत 'कुला' म्हणतात, आणि त्याचा उल्लेख 'कुलामामा' असा नात्याने होतो. वनखात्याच्या उतरंडीत सर्वांत खालचा जो नाकेदार, ज्याला आता वनरक्षक म्हणतात, आणि त्याच्याही खालचा जो रोजंदारीचा वनमजूर, त्यांच्या जोडीनेच आजवर प्रत्येक गणना झाली. अधिकारी बदलून जातात. नाकेदाराच्या गस्तीचा टापू, म्हणजे बीट, तेच राहते, आणि त्या बीटमधील पायवाट ज्याच्या पायाखालची आहे तो मजूरही तोच राहतो. पुढे ज्या पद्धतींचा इतिहास मी सांगणार आहे, त्यांच्या कर्त्यांची नावे ग्रंथांतून आली आहेत. परंतु ओल्या मातीकडे बोट दाखवून 'हा रात्रीचा आहे, पहाटेचा नाही' असे सांगणारा माणूस कोणत्याही पद्धतीला सोबत घ्यावाच लागला, आणि त्याचे नाव कोणत्याही अहवालात आले नाही. हे मला फार मोठे उणे वाटते.

जिवंत वाघ मोजण्याची पहिली देशव्यापी खटपट १९७२ साली झाली. १९६९ मध्ये दिल्लीस भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत वाघाच्या ऱ्हासाविषयी चिंता व्यक्त झाली होती, आणि आता नेमके किती उरले हे सांगणे सरकारला प्राप्त झाले होते. त्या कामी ओरिसातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांची पाऊलखुणांची पद्धत स्वीकारण्यात आली. वाघाच्या मागील पायाचा ठसा घ्यावा. त्यावर चार खिळ्यांच्या पायांवर उभी राहणारी काचेची पाटी अलगद ठेवावी. डोळा बरोबर वर आणून काचेवर लेखणीने ठशाची कड उतरावी, आणि मग तीच आकृती कागदावर घ्यावी. नराचा ठसा चौकोनाकडे झुकणारा, मादीचा लांबट. बोटांची ठेवण, गादीचा आकार, एका पावलापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर, हे सारे पाहून हा वाघ कोणता ते ठरवावयाचे. साऱ्या जंगलात एकाच आठवड्यात ही मोहीम चाले. पायवाटांवर बारीक माती चाळून पसरलेले पट्टे आधी तयार ठेवीत, म्हणजे रात्री जो जाईल त्याची सही त्यावर उमटावी. १९७२ च्या त्या गणनेत देशभर १८२७ वाघ भरले. त्या आकड्याने देशाला धक्का बसला, आणि १ एप्रिल १९७३ रोजी व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला. पहिल्या नऊ प्रकल्पक्षेत्रांत कान्हा, कॉर्बेट, रणथंबोर यांच्या पंक्तीस आमचा मेळघाट बसला. महाराष्ट्रातील तो पहिला.

मेळघाटचे पुढील आकडे मी एकाखाली एक मांडून पुष्कळदा पाहिले आहेत. १९७२ साली २७ वाघ. १९७९ साली ६३. १९८४ साली ८०. त्यानंतर सतरा-अठरा वर्षे तो आकडा सत्तर ते ऐंशी यांच्या दरम्यान स्थिर, आणि २००२ च्या सुमारास ७३. या स्थिरतेचे त्या काळी कौतुक होई. परंतु वाघासारखा प्राणी, ज्याची पिले निम्म्याहून अधिक लहानपणीच दगावतात, ज्याच्या हद्दी दर दोन-चार वर्षांनी पालटतात, तो सरकारी तक्त्यात इतका शिस्तीने वागावा, हे आज संशयास्पद वाटते. संशय घेणारे तेव्हाही होते. वन्यजीवशास्त्रज्ञ उल्लास कारंत यांनी १९८७ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला: प्राणिसंग्रहालयातील केवळ चार वाघांच्या ठशांच्या अनेक आकृत्या त्यांनी अनुभवी वनाधिकाऱ्यांपुढे ठेवल्या आणि वाघ किती ते विचारले, एकाचेही उत्तर खरे निघाले नाही. तोच पाय कोरड्या धुळीत एक ठसा देतो आणि ओल्या गाळात दुसरा, चढावर एक आणि उतारावर दुसरा. ज्या नाकेदाराने तो ठसा जागेवर पाहिला त्याला हे कळत होते. ज्याच्या मेजावर कागद गेला, त्याला कळण्याचा मार्ग नव्हता.

पाऊलखुणांच्या या पद्धतीच्या जोडीनेच पाणवठ्यावरची गणना चाले, आणि लोकांच्या मनात जिने घर केले ती हीच. तिची बैठक अगदी सरळ आहे. वैशाखी पौर्णिमेच्या सुमारास पाणी कमीतकमी ठिकाणी उरते आणि उन्हाळा कडकडीत असतो. तेव्हा चोवीस तासांत प्रत्येक जनावर एकदा तरी पाण्यावर येणारच, आणि चंद्र पूर्ण असल्याने ते आलेले दिसणारच. एका दिवशी सकाळी मचाणावर चढावे ते दुसऱ्या दिवशी सकाळी उतरावे. मचाण पाण्यापासून थोडे दूर, वारा जनावराकडून आपल्याकडे येईल अशा बाजूस, झाडाच्या फांद्यांत बांधलेले. खाली शिडी काढून ठेवलेली. साग त्या दिवसांत निष्पर्ण असतो, म्हणून आडोसा जांभळाचा किंवा अर्जुनाचा शोधावा लागतो. बोलावयाचे नाही, अत्तर-साबण लावावयाचा नाही, भडक कपडे नाहीत, तंबाखू नाही. हातात जो तक्ता देतात त्याचे रकाने असे: आल्याची वेळ, येण्याची दिशा, प्राण्याचे नाव, नर, मादी, पिलू, गेल्याची वेळ, जाण्याची दिशा, शेरा.

दुपारभर माकडे आणि मोर. उन्हे कलली की चितळांचा कळप येतो. पुढची मादी पाण्याच्या दहा पावले अलीकडे थबकते, मान ताणून पाहते, एक पाय आपटते, आणि ती वाकल्यावाचून मागचे कोणी वाकत नाही. एकटा चौसिंगा झुडपातून असा येतो की तो आला तो क्षण सापडतच नाही. दिसतो तेव्हा पाणी पीत असतो. अंधार दाटता दाटता अस्वल येते, ते मात्र कोणाची पर्वा न करता, वाळल्या पानांचा कचकचाट करीत. रात्री सांबर, मग साळिंदर, त्याच्या काट्यांची सळसळ आधी आणि तो नंतर. आणि मध्येच केव्हातरी सारे जंगल एकदम गप्प होते. भेकर दूर कोठेतरी भुंकते. त्या वेळी मचाणावरच्या माणसाला स्वतःच्या छातीचे ठोके ऐकू येतात, आणि तो तक्त्यात वेळ टिपून ठेवतो, कारण शेऱ्याच्या रकान्यात ऐकलेल्या आवाजालाही जागा आहे.

या पद्धतीतील दोष शोधण्यास फार विद्वत्ता लागत नाही. एकच कळप सायंकाळी एका डबक्यावर आणि पहाटे दुसऱ्यावर आला तर तो दोनदा मोजला जातो. अवकाळी पाऊस पडून रानोरान पाणी साचले तर कोणीच येत नाही. रात्रभर जागलेल्या माणसाचा तीन वाजताचा डोळा सायंकाळच्या डोळ्यासारखा राहत नाही. ध्रुवाकडील मोजदादीतही असेच व्हावे, हे स्वाभाविक आहे. तेथे उन्हाळ्याच्या तोंडाला विमानातून बर्फावर पहुडलेले सील मोजतात. परंतु त्याच घटकेला पाण्याखाली किती आहेत, हे वेगळे पडताळून त्या प्रमाणात संख्या वाढवावी लागते. पिले मोजावयाची तर ती शुभ्र लोकरीची, आणि खालचा बर्फही शुभ्र. १९७० च्या दशकात संशोधकांना असे आढळले की अतिनील किरणांच्या छायाचित्रात तीच पिले काळी उमटतात, कारण बर्फ ते किरण परतवतो आणि त्यांची लोकर ते गिळते. जे डोळ्याला दिसत नाही ते न दिसलेले म्हणून हिशेबात धरावयाचे, त्याचे प्रमाण काढावयाचे, ही नव्या गणनाशास्त्राची मुख्य शिकवण आहे. आणि आमच्या जुन्या दोन्ही पद्धतींत नेमकी तीच नव्हती.

राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरलेला नाही, हे २००५ साली उघड झाले. कागदावर तेथे वाघ होते. त्या आघातानंतर केंद्राने कृतिदल नेमले, राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरण स्थापन झाले, आणि पाऊलखुणांची गणना बंद करून स्वयंचलित कॅमेऱ्यांची पद्धत आली. प्रत्येक वाघाच्या अंगावरचे पट्टे वेगळे, आणि डाव्या कुशीचे उजव्यासारखे नसतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर कॅमेरे बांधावे लागतात. या मागचे गणित तळ्यातील मासे मोजण्याच्या उदाहरणाने समजते. तळ्यातून पन्नास मासे धरून त्यांना खूण करून सोडावे. काही दिवसांनी चाळीस धरावे. त्यांत खुणेचे दहा निघाले तर तळ्यात सुमारे दोनशे मासे असले पाहिजेत, कारण खुणेचे एक चतुर्थांश आहेत. वाघाची खूण निसर्गानेच करून ठेवली आहे. धरण्याऐवजी छायाचित्र घ्यावे, एवढाच फरक. या पद्धतीने २००६ साली देशभर १४११ वाघ अंदाजिले गेले, आणि मेळघाटात सुमारे ३०.

त्र्याहत्तरांचे तीस! वर्तमानपत्रांनी त्याचा अर्थ वाघ मेले असा लावला, आणि पेठेतील ओट्यांवरही तशीच हळहळ झाली. काही खरोखर मेले असतील, मारले गेले असतील. परंतु त्या घसरणीतील किती हिस्सा वाघांचा आणि किती मोजणाऱ्यांच्या जुन्या चुकीचा, हे वेगळे करण्याचे साधनच मागे राहिले नव्हते. १९०१ च्या खानेसुमारीतील वजाबाकीने मेलेल्यांची साक्ष दिली, असे मी आरंभी म्हटले. ती साक्ष खरी ठरते, कारण दोन्ही वेळा मोजण्याची रीत एक होती. येथे रीतच पालटली, आणि वजाबाकी मुकी झाली. म्हणून मला असे निश्चयाने वाटते, की कोणत्याही आकड्याबरोबर तो कोणी, कसा, कोठे उभे राहून मोजला, ही कैफियत जोडलेली असलीच पाहिजे. तिच्यावाचून आकडा म्हणजे सहीवाचूनचा दस्तऐवज होय.

नव्या पद्धतीचा व्याप अफाट आहे. २०१८ च्या गणनेत देशभर २६,८३८ ठिकाणी कॅमेरे बसले आणि ३ कोटी ४८ लक्षांवर छायाचित्रे जमली. महाराष्ट्रात २००६ साली १०३ वाघ होते ते २०२२ साली ४४४ झाले, आणि ही वाढ एकाच रीतीने मोजलेली असल्याने तिच्यावर विश्वास ठेवता येतो. परंतु यंत्र आले म्हणून माणसाचे पाय सुटले नाहीत. गणनेच्या पहिल्या टप्प्यात वनरक्षकाने आपल्या बीटमध्ये पायी फिरून विष्ठा, ओरखडे, ठसे नोंदवावयाचे असतात. ठरल्या सरळ रेषेवर चालत दोन्ही बाजूंची तृणभक्षी जनावरे मोजावयाची असतात. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोब्यात अशाच नोंदी घेत असलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारले. तीन मजूर तिच्याबरोबर होते. जवळ शस्त्र नव्हते. त्या गणनेच्या छापील अहवालातील महाराष्ट्राचा आकडा पाहताना मला नेहमी तिची आठवण होते.

येथे थोडे विषयांतर करून रानपिंगळ्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. हे लहानसे घुबड १८७३ साली शास्त्राला ज्ञात झाले, १८८४ नंतर त्याची विश्वसनीय नोंद झाली नाही, आणि पुष्कळांनी त्याला नामशेष धरले. नोव्हेंबर १९९७ मध्ये ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले, आणि पुढील शोधात असे आढळले की त्याची मोठी वस्ती आमच्या मेळघाटातच आहे. ११३ वर्षे ते सागाच्या ढोलीत दिवसाढवळ्या बसत होते, कारण हा पिंगळा दिवसाही हिंडतो. त्याचा रकाना कोणाच्या तक्त्यात नव्हता, एवढेच.

पाणवठ्यावरची गणना आता वाघांचा अधिकृत आकडा ठरविण्यासाठी होत नाही. वनखाते तिला 'निसर्गानुभव' म्हणते. अर्ज भरून, शुल्क देऊन नागरिक मचाणावर जातात. करोनाच्या साथीत तेही बंद होते. मीही काही वर्षांपूर्वी असाच अर्ज करून गेलो. मला जो पाणवठा मिळाला तो अकोट वन्यजीव विभागात, उठून गेलेल्या एका गावाच्या शिवाराला लागून होता. मेळघाटच्या गाभ्यातील गावे उठविण्यास या शतकाच्या आरंभी सुरुवात झाली. बोरी, कोहा, कुंड ही पहिली, त्यांना अकोट तालुक्यात पायथ्याशी जमिनी दिल्या. पुढे कुटुंबामागे दहा लक्ष रुपयांची योजना आली आणि आणखी गावे खाली उतरली. मागे राहिलेल्या पडीत शेतांची कुरणे झाली, आणि त्या कुरणांवर चितळ-सांबरांचे कळप वाढले, हे खरे आहे. खाली सपाटीवर ज्यांना पाणी, जमीन, रोजगार यांविषयीची वचने पुरी झालेली दिसली नाहीत अशी काही कुटुंबे परत जंगलात गेली आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांचा व वनकर्मचाऱ्यांचा संघर्ष होऊन दोन्हीकडची माणसे जखमी झाली, हेही खरे आहे. यांतील एक सत्य सांगून दुसरे गाळणे मला शक्य होत नाही.

माझ्याबरोबर मचाणावर जो वनमजूर होता, तो पन्नाशीचा कोरकू गृहस्थ, त्या उठलेल्या गावातच जन्मलेला. दिवसभर तो फार बोलला नाही. रात्री पाण्याकडे न पाहता, केवळ कानांवरून, तो बोटे वर करी: एक, दोन, तीन, आणि क्षणभराने तितकीच जनावरे चांदण्यात येत. तीन वाजता माझा डोळा लागला असावा, कारण त्याने माझ्या मनगटाला हात लावला तेव्हा चंद्र पश्चिमेस पार कलला होता. काही आले का, असे मी खुणेने विचारले. त्याने मान हलविली. वाघाच्या ओळीत मी 'निरंक' असे लिहिले.

उजाडण्याच्या सुमारास दोन सांबर माद्या आणि एक पिलू आले. पिलू पाण्याशी न जाता मागेच, एका मोडक्या जोत्यापाशी उभे राहिले. मजूर माझ्या कानाशी लागून अगदी हलक्या आवाजात म्हणाला, "साहेब, पिलू उभं आहे ना, तिथं आमची चूल होती." मी तक्ता पुढे ओढला. पाच वाजून दहा मिनिटे, सांबर, मादी दोन, पिलू एक. येण्याची दिशा कोणती, असे मी त्याला विचारले, कारण माद्या नेमक्या कोठून निघाल्या ते माझ्या लक्षात आले नव्हते.

"आमच्या अंगणातून आली," तो म्हणाला.

मी उजळू लागलेल्या क्षितिजाकडे पाहिले, आणि रकान्यात 'पूर्व' असे लिहिले.